सबनीस बाईंची रिकामी जागा

लोखंडी चौकट आमच्या अंगावर आली तेव्हा सबनीस बाईंच्या हातात दादांचा अर्धा चेहरा होता. कागदाचा. उरलेला अर्धा अजून पोस्टरला चिकटलेला होता, आणि पोस्टर चौकटीसकट खाली येत होतं.

उन्हाळ्यातलं वादळ होतं. पाणी नाही, नुसता वारा आणि धूळ. चिंचेच्या मैदानावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. बाई स्टुलावर उभ्या होत्या, मी खाली स्टूल धरून होते आणि माझी शेळी चंदी माझ्या पायात घुटमळत होती. कर्रर्र आवाज झाला आणि चौकटीचे दोन्ही पाय दुमडले. बाई माझ्यावर पडल्या, मी शेळीवर पडले आणि वर अंधार झाला.

तोंडात माती गेली होती. जिभेला रक्त लागलं. एक दात जागेवर नव्हता.

"गयाबाई, आहात का?"

"हाये. तुमचं कोपर काढा माझ्या पोटातून."

"शेळी?"

शेळीनं स्वतःच उत्तर दिलं, माझ्या कानात.

"बरं," बाई म्हणाल्या. "हात पोचतोय का तुमचा? पोस्टर फाटलंय का बघा."

मी त्यांना तिथं काय बोलले ते इथं लिहीत नाही. बाईंच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्यावर पुस्तक काढायचं ठरवलंय, ते चांगल्या घरांत जाईल. मला लिहा म्हणाले. मी म्हटलं, माझी चौथी झालीय, पिशोरला, मोठे शब्द मला येत नाहीत. तर म्हणाले, बाईंना तरी कुठं चालायचे? ते खरं आहे. म्हणून लिहिते.

सबनीस बाई उस्मानपुऱ्यात माझ्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं आल्या. कॉलेजात पोरांना जाहिरातीची चित्रं शिकवायच्या, तिथून निवृत्त झाल्या होत्या. एकट्या. टेम्पोतून सामान उतरताना मी दारात उभी होते. एक पलंग, एक भलं मोठं टेबल, एक दिवा, कागदांच्या गुंडाळ्या आणि एक पातेलं.

"बाकीचं मागून येतंय व्हय?" मी विचारलं.

"बाकीचं म्हणजे काय?" त्यांनी मलाच विचारलं. खोटं नाही, खरंच त्यांना कळलं नव्हतं.

बाई उंच, हाडकुळ्या, केस पोरासारखे कापलेले. साडी पांढरी नाहीतर काळी. आणि पायात शेंदरी चपला. अशा शेंदरी की गल्लीच्या टोकाला बाई दिसायच्या आधी चपला दिसायच्या. मी एकदा म्हटलं, या वयात असल्या चपला? तर म्हणाल्या, "एक जागा भडक हवी, गयाबाई. सगळ्याच भडक केल्या की एकही दिसत नाही."

"एवढं कशाला?" हे त्यांचं रोजचं वाक्य. दसऱ्याला मी दाराला तोरण बांधलं, बाई जिन्यातून उतरताना थांबल्या. "एवढी पानं कशाला? पाच पुरे." मी म्हटलं, तुमच्या दाराला लावा पाच. तर त्यांनी खरंच लावली. मधे मधे बोटभर जागा सोडून पाच पानं, आणि एकच झेंडूचं फूल, तेही मधोमध नाही, एका बाजूला. गल्लीतल्या बाया बघून गेल्या आणि बाईंची परिस्थिती बेताची दिसते म्हणाल्या. एकीनं वाटीभर साखर आणून दिली. बाईंनी ती घेतली आणि वर चहा पाजला.

माझ्या नातवाच्या लग्नाची पत्रिका मी त्यांना द्यायला गेले. पत्रिका लई भारी छापली होती, देव, तुतारीवाले, हत्ती, डोली, सोनेरी नक्षी. बाईंनी चष्मा लावला, उलटीसुलटी करून पाहिली.

"छान. लग्न कुणाचं आहे?"

"लिहिलंय की त्यात."

"कुठं?"

मीही शोधलं. सापडायला वेळ लागला. नवरदेव हत्तीच्या पायाखाली होता.

तर असल्या बाईंना काम मिळालं शहरातल्या मोकळ्या जागांची पोस्टरं करायचं. बागा, मैदानं, तलाव, जुने दरवाजे, जिथं माणसाला फुकट बसता येतं अशा जागा. लोक घरात आणि मॉलात बसतात, बाहेर कुणी बसत नाही, म्हणून पोस्टरं लावून त्यांना बोलवायचं. कल्पना बाईंचीच. काही भल्या माणसांनी मिळून खर्च उचलला होता.

पहिलं पोस्टर हर्सूल तलावाचं. बाई मला बरोबर घेऊन गेल्या, कारण एकटी बाई काठावर बसली की लोक विचारतात, आणि दोन म्हाताऱ्या बसल्या की कुणी विचारत नाही. सकाळी गेलो. बाईंनी वही काढली आणि नुसत्या बघत बसल्या. मी भाकरी खाल्ली, पाणी प्याले, एक डुलकी काढली. उठले तरी बाई तशाच. वहीत एकच आडवी रेघ.

"एवढ्यासाठी दिवस घातला व्हय?"

"रेघा खूप होत्या, गयाबाई. सकाळपासून बाकीच्या काढून टाकतेय."

पोस्टर झालं ते असं: वर फिकट निळं, खाली गडद निळं, मधे ती आडवी रेघ आणि रेघेवर एक पांढरा त्रिकोण. खाली एक शब्द, 'थांबा'. बस्स.

मी बराच वेळ बघितलं. "ह्यो बगळा हाय का?"

बाई अशा खूश झाल्या की मला वाटलं आता मिठी मारतात. "ओळखलात ना? मग डोळा, चोच, पाय कशाला हवेत?"

"बगळ्याला हवेत," मी म्हटलं.

मी खरं सांगते, मला त्यांची चित्रं आवडली नव्हती. बर्फीचे तुकडे मांडल्यासारखी दिसायची. पण एक झालं. त्यानंतर हर्सूलला कधी गेले की मला ती रेघ दिसायला लागली. आधी दिसत नव्हती. तलाव तोच होता.

पोस्टरं छापायला युसुफभाई. त्यांचं दुकान वाढदिवसाच्या आणि निवडणुकीच्या बॅनरवर चालायचं. रिकामा कागद बघून त्यांचा जीव तळमळायचा. काम न केल्यासारखं वाटायचं त्यांना.

"बाई, इत्ती जगा खाली छोड दिए तुम. एक गुलाब डालूं क्या कोने में? पैसे नक्को."

"नको, युसुफभाई."

"कबूतर?"

"नको."

"अच्छा, अक्षरों को सोने का बॉर्डर तो देऊं? नंगे दिखरे वो."

"युसुफभाई, तो गुलाब तुमच्या मुलीच्या लग्नाला ठेवा."

"उसका निकाह हो गया, बाई. दो बच्चे हैं." मग जरा थांबून, "बच्चों के वास्ते कबूतर?"

बाई स्टुलावर बसून पोटभर हसल्या. कबूतर नाहीच टाकू दिलं. पण युसुफभाईंचा शेंदरी रंग त्यांना हवा तसा जमेपर्यंत त्या दुकानातून हलल्या नाहीत. फिका झाला, परत. तांबडा झाला, परत. शेवटी त्यांनी पायातली चप्पल काढून टेबलावर ठेवली, "हा." युसुफभाईंनी कपाळाला हात लावला. पण रंग बरोबर त्या चपलेचा आला.

पोस्टरं भिंतींना लागली आणि पहिलं गिऱ्हाईक भेटलं ते माझी चंदी. कागद चिकटवायला मैद्याची खळ लागते, ती मीच शिजवून द्यायची, आणि चंदीला खळीचा नाद लागला. आमच्या माहेरी पिढ्यानपिढ्या शेळ्या-मेंढ्या, मला माहीत होतं शेळी काय काय खाते, पण हिनं बगळा खाल्ला. नेमका तेवढा त्रिकोण. बाकी तलाव ठेवला. मी कानफटात मारायला धावले तर बाई आडव्या आल्या. "थांबा, बघू द्या." लांब जाऊन पाहिलं, डोळे बारीक केले. "काढून टाकायचंच होतं तर रेघ काढायची होती," त्या शेळीला म्हणाल्या. "तो एकच ठेवायचा होता." पोरांना शिकवायच्या तेव्हाही अशाच बोलत असतील.

आता चिंचेचं मैदान. ते आमच्या घरामागं. मधोमध जुनी चिंच, तिच्याभोवती दगडी पार, बाकी धूळ. बाई रोज संध्याकाळी त्या पारावर बसायच्या, मी चंदीला घेऊन जायची. आणखी कुणी नसायचं. मग महापालिकेच्या ऑफिसातले एक साहेब आले, इकडं तिकडं पाहिलं आणि म्हणाले, इथं कुणी येत नाही, तर गाड्या लावायला करू. चिंच काढावी लागेल. बाई त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"लोक आले तर?"

"मॅडम, मला दिसले तर मी कशाला काढीन? मला काय चिंचेशी वैर आहे? पुढच्या रविवारी परत येतो. लोक दाखवा."

माणूस वाईट नव्हता. पण चिंच त्याच्या हातात होती.

बाईंना त्या आठवड्यात मी पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. जेवायच्या नाहीत. रात्रंदिवस टेबलावर. लोखंडी चौकट उभी केली, उंच, दोन पायांवर, पाराला लागून, रस्त्यावरून दिसेल अशी. त्यावर नवं पोस्टर. वर शेंदरी अर्धा गोल, म्हणजे मावळतीचा सूर्य. त्याखाली एक काळा शब्द, 'बसा'. आणि खाली सगळा कागद रिकामा, पांढरा.

"खालचं राहिलं काय?" मी विचारलं.

"ती बसायची जागा," बाई म्हणाल्या.

मला कळलं नाही. मी एकटीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर गेलो तर रिकामी जागा भरलेली. मधोमध दादांचा हसरा चेहरा, परातीएवढा. दादा म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्यांचा वाढदिवस होता. खाली शुभेच्छुकांची रांग, गॉगलवाले, टिळेवाले, एक नुकतं मिसरूड फुटलेला. सूर्य दादांच्या डोक्यामागं बरोबर बसला होता, देवाच्या फोटोत असतो तसा.

लावणारा बबन तिथंच उभा, हात जोडून. दादांचा कार्यकर्ता, गल्लीतलाच पोरगा.

"बाई, लई भारी केलं तुम्ही! दादा खूश झाले. म्हणाले, बाईंनी न सांगता जागा सोडली."

काय बोलणार त्याला? आपल्याकडं पोस्टरवर मोकळी जागा दिसली की ती कुणाच्या तरी तोंडासाठीच असते. तो लबाडी करत नव्हता. त्यानं बाईंचा मान ठेवला होता.

बाई चिडल्या नाहीत. लांब गेल्या, डोळे बारीक केले. "मांडणी वाईट नाही, बबन," म्हणाल्या. मग पारावर येऊन बसल्या आणि कितीतरी वेळ चिंचेच्या खोडाला हात लावून होत्या. शेवटी मला हळूच म्हणाल्या, "गयाबाई, रविवारी साहेब येणार, हे बघणार आणि म्हणणार, बॅनर लावायला बरी जागा आहे. संपलं."

मी बबनला म्हटलं, "दादांनी बघून झालं ना? काढ ते."

"काढा की आजी, पण फाडू नका. दादांचा चेहरा फाटला तर लोक काय म्हणतील? भिजवून अख्खा काढा. मी केला असता, पण मला दादांबरोबर जायचंय."

म्हणून आम्ही दोघी भर दुपारी दादांना ओल्या फडक्यानं भिजवत होतो. कपाळापासून सुरुवात केली. नाकापर्यंत अख्खा आला. मग वारा सुटला.

तर आता परत त्या चौकटीखाली. चौकटीची एक कड दगडी पारावर अडकली होती, म्हणून खाली वीतभर जास्तीची जागा राहिली आणि त्या जागेत आम्ही होतो. वारा ओसरल्यावर चंदीच्या ओरडण्यानं लोक धावले. पुढं बबन. त्यानं आधी पालथी चौकट पाहिली, मग धुळीत पडलेला कागद.

"अरे देवा! दादांना लागलं का?"

"दादा बरे हायेत," मी आतून ओरडले. "आम्हाला काढ, मुडद्या!"

पाच-सात जणांनी चौकट उचलली, तसा दादांचा उरलेला ओला कागद रांगेसकट सुटून खाली पडला. पाय मोडले होते, ती आता उभी राहणार नव्हती, म्हणून त्यांनी ती पारावर चढवून चिंचेच्या खोडाला टेकवून धरली. मला चक्कर येत होती. मी चौकटीपुढं पाराच्या कडेवर बसले आणि पदरानं तोंडातलं रक्त पुसायला लागले. चंदी उडी मारून माझ्या शेजारी चढली.

बाई लंगडत दहा पावलं लांब गेल्या. वळल्या. डोळे बारीक केले.

"गयाबाई, हलू नका!"

"का? मोडलंय का काही?"

"हलू नका म्हणते! बबन, तसंच धर. अजिबात खाली ठेवू नको."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. बबनच्या जोडीदारानं लांबूनच मोबाईल काढला. फोटो मला दाखवला तेव्हा कळलं. पोस्टर खाली आल्यामुळं ती रिकामी जागा बरोबर बसलेल्या माणसाच्या मागं आली होती. वर सूर्य, त्याखाली 'बसा', आणि त्या पांढऱ्यात माझं तोंड. दात पडलेलं, धुळीनं माखलेलं. शेजारी शेळी. आधी दादांचं तोंड होतं, बरोबर तिथंच.

"आजी पोस्टरवर आल्या की!" बबन म्हणाला, आणि चौकट सोडून माझ्या शेजारी येऊन बसला. चौकट पडता पडता राहिली. "माझा काढ रे!"

बाई हसत होत्या. कोपरातून रक्त गळत होतं आणि हसत होत्या. "उंची चुकली होती," म्हणत होत्या. "नुसती उंची चुकली होती!"

वेल्डर आला, चौकटीला बुटके पाय बसवले, सिमेंट भरलं. युसुफभाईंनी नवा कागद छापून दिला आणि या वेळी कबुतराचं नाव काढलं नाही. फोटो एका मोबाईलवरून दुसऱ्यावर गेला. शनिवारी संध्याकाळी पार भरला. पोस्टरवर आपलं तोंड यावं असं कुणाला वाटत नाही? भाजीवाल्या आल्या, कॉलेजच्या पोरी आल्या, नवीन लग्नाचं जोडपं आलं, कुणी तान्हं बाळ आणून ठेवलं. आणि मजा अशी की फोटो काढून कुणी उठेना. सावली होती, वारा होता. फोटोला आलेले बसले आणि बसलेले बोलायला लागले.

रविवारी साहेब आले तेव्हा रांग होती. दादाही आले होते, पांढरे कपडे कडक करून, आणि रांगेत उभे होते. त्यांच्यापुढं कोपऱ्यावरच्या दूधवाल्याची आई होती आणि ती जागा सोडेना.

"आजी, दादांना बसू द्या की," बबन म्हणाला.

"माझं तोंड काय वाईट हाय?" म्हातारी म्हणाली. "दादाचं रोज बघतोय आम्ही."

सगळे हसले, दादाही हसले. साहेबांनी रांग टोकापर्यंत बघितली. मग चपला झटकून पारावर येऊन बसले आणि आपला मोबाईल बाईंच्या हातात दिला.

"मॅडम, सूर्य येऊ द्या त्यात."

बाईंनी फोटो काढला. दिसले का लोक, असं काही विचारलं नाही. साहेबांनीच सांगितलं, गाड्यांचं दुसरीकडं बघतो. चिंच अजून उभी आहे. यंदा चिंचा लई आल्या.

बाईंचा मात्र त्या जागेवर एकही फोटो नाही. विद्यार्थ्यांनी मागितला, पण नाही तर नाही. सगळ्यांचे काढायच्या, आपण बसायच्या नाहीत. दोन वर्षांनी त्यांच्या बहिणीनं सांगलीला बोलावून घेतलं, तिचे गुडघे गेले होते. सामान भरायला वेळ लागलाच नाही. जायच्या दिवशी सकाळी रिक्षा दारात उभी आणि बाई गायब. मला माहीत होतं कुठं असतील.

मैदानावर कुणी नव्हतं. बाई पारावर बसल्या होत्या, पोस्टरपुढं. बरोबर मधे नाही, एका बाजूला, त्या झेंडूच्या फुलासारख्या. पांढरी साडी त्या पांढऱ्या कागदात मिसळून गेली होती. वर शेंदरी सूर्य आणि खाली शेंदरी चपला. बाकी मला काही दिसेना, आणि बाई मात्र पुऱ्या दिसत होत्या.

मी मोबाईल काढला. "काढू का?"

"एवढं कशाला?" बाई म्हणाल्या. "बघा की नुसतं."

बघितलं. मग त्या उठल्या, चंदीच्या कपाळावर एक टिचकी मारली आणि रिक्षात बसल्या.

आता कधी कुणी फोटो काढताना विचारतं, आजी, हे पोस्टर पडलं होतं म्हणे एकदा? कुणाच्या अंगावर पडलं? मी सांगते, पडलं होतं. खाली सबनीस बाई होत्या, मी होते आणि शेळी होती. माझा एक दात गेला. तिघीही जगलो.